दोघांचा डाव

सुट्टी कुणाला मिळणार हे ठरवणाऱ्या पत्त्यांच्या खेळात मी स्वतःच्या तोंडाने दोघांचा डाव मागून घेतला आणि हरलो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. उलट मला दोनदा विचारलं होतं, सगळ्यांच्यात बसतोस का म्हणून. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो, आणि नाही म्हणताना हसलोसुद्धा.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी सुरतेजवळ पलसाण्याच्या पुढे हायवेवरच्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात बिलं करायचो. राहायला बमरोलीत होतो. सकाळी मिलची मॅटाडोर नाक्यावर यायची, तिच्यात आम्ही कोंबले जायचो आणि रंगाच्या वासात दिवस काढून संध्याकाळी त्याच वासासकट परत यायचो. बायको म्हणायची, तुम्ही जिन्यात आलात की मला वास सांगतो, आज निळा चालला होता का हिरवा. तिला खरंच कळायचं का हे मी कधी तपासलं नाही.

ऑफिसात आम्ही नऊ जण. त्यात मराठी दोघं, मी आणि डिस्पॅचवाला. तो नंदुरबारकडचा, माझ्याहून लहान. घरी अहिराणी, ऑफिसात गुजराती, ट्रकवाल्यांशी हिंदी, आणि माझ्याशी या तिन्हींचं मिळून जे होईल ते. बिल मी करायचो, माल तो पाठवायचा. माझं काम त्याला येत होतं आणि त्याचं मला. बाकी कुणाला या दोन्हींतलं काहीही येत नव्हतं. ही गोष्ट आम्ही दोघं नोकरी पक्की असण्याचं लक्षण समजायचो. ती सुट्टी न मिळण्याचं कारण आहे, हे गणपती जवळ आले की कळायचं.

दिवाळीच्या आधीचा सीझन नेमका तेव्हाच सुरू होतो. मागची दोन वर्षं गौरी-गणपतीला मला रजा मिळाली नव्हती. बायकोचं माहेर अमळनेरला. तिथे गौरी बसतात, जेवणाच्या दिवशी घर भरतं, आणि जावयाचं पान मानाचं असतं. दोन वर्षं ते पान मांडून उचललं गेलं. बायको एकटी गेली होती आणि तिला सगळ्यांना उत्तरं द्यावी लागली होती. तिची एक आत्या आहे, ती बोलायला लागली की घरातले पुरुष बाहेर चपला शोधायला जातात. पहिल्या वर्षी आत्याने विचारलं, "जावई नाही आले?" दुसऱ्या वर्षी विचारलं, "सुरतेत दुसरं घर केलंय का त्यांनी?"

त्यामुळे या वर्षी बायकोने श्रावण लागतानाच सांगून टाकलं.

"तुम्ही येणार असाल तर मी जाईन. नाहीतर मीही नाही जाणार."

"अगं, तुझ्या आईला काय वाटेल?"

"आईला वाटायचं ते वाटेल. आत्याला काय सांगू ते तुम्ही लिहून द्या, मी पाठ करते."

म्हणजे माझी रजा गेली की तिचं माहेर गेलं. हे मला नीट समजलं होतं. मी मूर्खपणा केला तो हे समजून घेऊन केला.

इकडे डिस्पॅचवाल्यालाही तेच दिवस हवे होते. त्यांच्या घरचा गणपती थोरला भाऊ बसवायचा, तो यंदा कामासाठी दूर गेला होता. मूर्ती आणायला घरात म्हातारे वडील आणि लहान पुतणे, एवढेच.

आमचे हेड क्लार्क सौराष्ट्रातले. सगळे त्यांना काका म्हणायचे, सेठसुद्धा. काकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेमांथी एक जाय. कोण, ए तमे नक्की करो."

दोघांतला कोण जाणार ते आम्ही ठरवायला बसलो. मी म्हणालो, "तू जा." तो म्हणाला, "नाही भाऊ, तुम्ही जा." असा आमचा आठवडाभर सज्जनपणा चालला. दोघंही मनात धरून होतो की समोरचा खरंच मागे हटेल. कुणीच हटत नाही म्हटल्यावर आम्ही एकमेकांशी चहापुरतंच बोलायला लागलो.

तेवढ्यात सातम आली.

गुजरातेत राहिलेल्याला सातम-आठम सांगावी लागत नाही, पण न राहिलेल्यांसाठी सांगतो. श्रावण वद्य सप्तमीला घरात चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेलं थंड खातात. आणि सातम ते गोकुळाष्टमी पत्ते खेळतात. सौराष्ट्रातली माणसं तर खेळतातच. सुनेला सासरा पत्ते वाटून देतो, आणि कुणाला त्यात काही गैर वाटत नाही. मी मराठी शाळामास्तरांच्या घरात वाढलेला. आमच्याकडे पत्त्यांचा जोड कपाटात औषधांच्या मागे ठेवलेला असायचा. इथे तो देवघरासमोर पसरलेला पाहिला तेव्हा मला सुरत पहिल्यांदा आपली वाटली.

मिलमध्ये सातमला दुपारी काकांच्या घरचे थेपले आणि दही खाऊन झालं की न रंगवलेल्या ग्रे कापडाच्या ताक्यांवर, म्हणजे ताग्यांवर, आमचं रिंगण बसायचं. खेळ तीन पत्तीचा. काकांचा एकच नियम, मिलमध्ये पैसा लावायचा नाही. म्हणून पैशाच्या जागी शेड दाखवायला कापलेले कापडाचे चौकोनी तुकडे. प्रत्येकाला सारखा ढीग. तुकडे उडायचे म्हणून पंखा बंद ठेवावा लागायचा, आणि श्रावणातल्या त्या घामात माणसं जांभळे-पिवळे तुकडे मोजत बसायची.

खेळ सोपा आहे. वाटप व्हायच्या आधी प्रत्येकाने एक तुकडा मधे टाकायचा. मग तीन-तीन पानं. पान आवडलं नाही तर "पॅक" म्हणून टाकून द्यायचं, तुमचा तो एक तुकडा गेला. आवडलं तर वर आणखी लावत राहायचं. शेवटी जो उरेल किंवा ज्याचं पान मोठं निघेल, मधला सगळा ढीग त्याचा. पान न बघताही लावता येतं, त्याला ब्लाइंड म्हणतात.

या रिंगणात मी दरवर्षी जिंकायचो. त्यात माझी हुशारी काही नव्हती, भित्रेपणा होता. मी पान उचलायचो, बघायचो, टाकायचो. पुन्हा उचलायचो, बघायचो, टाकायचो. शेजारचे थट्टा करायचे, "हा खेळायला आलाय की पानं धुवायला?" पण कधीतरी चांगलं पान यायचंच. तोवर मधे सगळ्यांचे तुकडे पडलेले असायचे, आणि एवढ्या लोकांत कुणाकडे तरी थोडंफार बरं पान असायचंच, तो चिडून वर लावत जायचा. एक डाव मारला की मागच्या सगळ्या पॅकची भरपाई. मी परत झाडासारखा बसून राहायचो.

डिस्पॅचवाल्याचं बरोबर उलटं. त्याला पान बघायचाच कंटाळा. दिसेल त्यावर ब्लाइंड लावायचा. दहांतले आठ डाव खेळायचा, आणि एवढ्या लोकांत कुणाचं ना कुणाचं पान त्याच्याहून मोठं निघायचं. सगळ्यांत आधी त्याचा ढीग संपायचा. मग तो उठून चहा टाकायला जायचा. हे इतकं ठरलेलं होतं की काका त्याच्या ढिगाकडे बघूनच सांगायचे, आता चहाला किती वेळ आहे.

त्या वर्षी थेपले खाऊन झाल्यावर काका म्हणाले की तुमच्या सुट्टीचा निकाल आज इथेच लावू. नेहमीसारखं रिंगण बसेल, सगळे खेळतील. तुम्हा दोघांत ज्याचा ढीग आधी संपेल तो गणपतीत मिलमध्ये थांबेल.

आता हे ऐकल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. नऊ जणांचं रिंगण, मी दरवर्षी जिंकणारा, तो दरवर्षी आधी जाणारा. काका मला सुट्टी ताटात वाढून देत होते. पण मी विचार करायला लागलो. मी विचार करायला लागलो की घरचे घाबरतात, ऑफिसवाल्यांना तोवर तेवढा अनुभव नव्हता.

मी म्हणालो, "काका, बाकी सगळे कशाला? मला हरवायचंय एकाला, तर मी आठ जणांशी का लढू? आम्ही दोघंच बसतो."

काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "बे जणनी रमत जुदी होय, भाई. विचारी ले." दोघांचा खेळ वेगळा असतो, असं त्यांचं म्हणणं.

"विचार केलाय."

"बधा साथे बेसवुं छे के नहीं?"

"नाही काका. दोघंच."

"तारी मरजी."

मी डिस्पॅचवाल्याला विचारलं, तुला चालेल ना. मला वाटलं तो घाबरेल. तो दही चाटत म्हणाला, "मला काय भाऊ. तुम्ही म्हणाल तसं." माझ्या मनात आलं, बिचारा.

आम्ही समोरासमोर बसलो. बाकीचे ताक्यांवर चढून बघायला लागले. काका पानं वाटायला.

पहिलं पान मी उचललं. दुरी, पंजा, नव्वी, तीन वेगवेगळ्या रंगांची. मी पॅक केलं. त्याने पान उचललंही नव्हतं, नुसता एक तुकडा पुढे सरकवला होता. मधले तुकडे त्याने ओढून घेतले. दुसऱ्या डावाला तेच. तिसऱ्याला तेच. मी माझ्या सवयीप्रमाणे चांगल्या पानाची वाट बघत होतो, आणि वाट बघायचा एक तुकडा दर डावाला देत होतो. फरक एवढाच की रिंगणात ते तुकडे आठ लोकांत वाटले जायचे, आणि इथे माझ्यातून कमी झालेला प्रत्येक तुकडा थेट त्याच्या मांडीपाशी जाऊन बसत होता.

त्याला पान बघायची गरजच नव्हती. एवढ्या लोकांत कुणाचं तरी पान मोठं निघतं हे खरं, पण समोर एकच माणूस असेल तर निम्म्या वेळा त्याचंही पान फालतूच असतं. आणि समोरचा माणूस मी असेन, तर तो पुरेसं चांगलं पानसुद्धा टाकून देतो. हे मी आज लिहितोय म्हणून शहाण्यासारखं दिसतंय. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की पानं वाईट येतायत.

मग एकदाचं पान आलं. गुलाम, राणी, बादशहा, तिन्ही बदामाची. वर्षातून एखाद्या वेळी येणारं पान. मी हात स्थिर ठेवून तुकडा लावला. डिस्पॅचवाल्याने माझ्याकडे बघितलं, मग त्या दिवसात पहिल्यांदा आपली पानं उचलून बघितली, आणि खाली ठेवून दिली.

"पॅक."

"अरे, का?"

"भाऊ, एवढ्या वेळात तुम्ही आत्ता खेळले. काहीतरी मोठं असंल."

काकांनी माझी पानं उलटून सगळ्यांना दाखवली. "जुओ. गुलाम, राणी, बादशाह लईने बे कटका कमायो." ताक्यांवरचे खाली पडायचे बाकी राहिले. वर्षातलं सगळ्यांत मोठं पान, आणि त्यातून मला मिळाले त्याचे दोन तुकडे, एक पांढरा आणि एक मेंदी रंगाचा.

त्यानंतर माझी शिस्त गेली. मी ठरवलं, आपणही न बघता लावायचं. माझ्या स्वभावात नसलेली गोष्ट मी उरलेल्या मूठभर तुकड्यांवर शिकायला निघालो. मी ब्लाइंड लावला, त्याने लावला, मी वाढवला, त्याने वाढवला. शेवटी पानं उघडली. त्याच्याकडे सत्त्यांची जोडी, माझ्याकडे एक एक्का आणि बरोबर दोन अनोळखी माणसं. ढीग संपला.

डिस्पॅचवाला सवयीने उठला आणि चहा टाकायला गेला. जिंकलाय हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

चहानंतर नेहमीचं रिंगण बसलं. मीही बसलो, आता मला दुसरं काम काय होतं. आणि सांगायला लाज वाटते, पण मी जिंकलो. पानं उचलली, बघितली, टाकली, एक-दोन डाव मारले, आणि सुटायच्या वेळेला माझ्यासमोर सगळ्यांत मोठा ढीग होता. डिस्पॅचवाला सगळ्यांत आधी बाहेर पडला होता. काकांनी माझ्या ढिगाकडे बघितलं आणि पंखा लावला. तुकडे ऑफिसभर उडाले.

हल्ली हा खेळ मोबाइलवर आलाय. पोकर म्हणून त्याचा विलायती भाऊबंद आहे, तोही आलाय. मुलाने मला एकदा उघडून दाखवलं, खोट्या नाण्यांचा. त्यात खेळ सुरू करायच्या आधी विचारतात, किती जणांच्या टेबलावर बसायचं, दोन, सहा की नऊ. मुलगा म्हणाला, दोघांचं घ्या बाबा, पटकन संपतं. मी म्हटलं, ते मला माहीत आहे. त्याला मी एवढंच सांगितलं की तू माणूस कसा आहेस ते आधी बघ आणि मग टेबल निवड. सगळ्या पानांवर उडी मारणारा असशील तर थोड्या लोकांत बस, वाट बघणारा असशील तर गर्दीत. तो हसला. त्याला वाटलं मी आयुष्याबद्दल बोलतोय. मी टेबलाबद्दलच बोलत होतो.

तर त्या संध्याकाळी मॅटाडोरमधून उतरलो. घरी पोचलो तेव्हा बायको अमळनेरला न्यायच्या साड्यांना घड्या घालत होती. आम्ही सातम पाळत नसल्यामुळे चूल पेटलेली होती, हे त्यातल्या त्यात बरं. तिने तोंडाकडे बघूनच विचारलं.

"नाही झाली?"

"नाही."

"काकांनी नाही म्हटलं?"

"काकांनी पत्त्यांवर ठरवलं." मग मी सगळं सांगितलं. तिला तीन पत्ती ठाऊक होती, शेजारच्या काठियावाडी बायकांत बसून ती माझ्याआधी शिकली होती. तिने घड्या थांबवून ऐकलं.

"म्हणजे दोघांत हरलात."

"हो."

"आणि नंतर सगळ्यांत बसलात."

"हो."

"तिथे?"

"तिथे जिंकलो."

"म्हणजे सुट्टी जिथे होती तिथे हरलात, आणि जिथे नुसत्या चिंध्या होत्या तिथे जिंकलात."

मी हो म्हणालो. तिने साड्या परत ट्रंकेत ठेवल्या. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मी एकदा म्हणून बघितलं की काकांकडे पुन्हा शब्द टाकतो. ती म्हणाली, "त्या मुलाने जिंकलीय. त्याच्याकडून काढून घेतलेल्या सुट्टीवर मी माहेरी जाणार नाही." ती असं म्हणेल हे मला माहीत होतं, म्हणूनच मी बोललो होतो.

आणि मग गणपतीच्या दोन दिवस आधी, भाकरी थापता थापता, ती म्हणाली, "मी जाते."

"तू तर म्हणाली होतीस, एकटी जाणार नाही."

"तेव्हा सांगायला काही नव्हतं. रजा मिळाली नाही, रजा मिळाली नाही, किती वर्षं तेच सांगायचं? त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. आता खरं कारण आहे."

"काय सांगणार आहेस?"

"जुगारात हरले म्हणून."

मी तिला समजावून बघितलं. मिलमध्ये जुगार नसतो, कापडाचे तुकडे असतात. सातमला तो सणाचा भाग असतो. ती म्हणाली, आत्याला सातम माहीत नाही, तुम्हीच येऊन समजावून सांगा.

भुसावळ पॅसेंजरला तिला बसवायला गेलो तर डब्यात डिस्पॅचवाला. तो गणपतीला निघाला होता. त्याने "वहिनी, इकडे या" म्हणून खिडकीची जागा दिली, तिची बॅग वर टाकली आणि मला खिडकीतून विचारलं, "भाऊ, मद्रासच्या पार्टीचा माल उद्या निघायला हवा, लक्षात राहील ना?" मी मान हलवली. गाडी हलली. दोघं माझ्या सुट्टीवर निघाले होते आणि मी प्लॅटफॉर्मवर त्यांना हात करत होतो.

पुढचे दिवस मी दोघांचं काम केलं. मद्रासचा माल निघाला, वेळेवर निघाला, फक्त मद्रासला गेला नाही. ते निस्तरण्यात गौरींचं जेवण कधी होऊन गेलं कळलंही नाही. पण मधेमधे डोळ्यांसमोर अमळनेरचा ओटा यायचा. भरलेलं घर, मधे बायको, समोर आत्या, आणि सासरे खाली मान घालून बसलेले. सासरे सरळ माणूस. जन्मभर सरकारी नोकरी, तोंडातून वावगा शब्द नाही. आपला जावई जुगारी आहे हे ते कसं ऐकून घेतील, या विचाराने मला जेवण जात नव्हतं.

गौरी उठल्यावर ती परत आली. पिशवीत करंज्या होत्या, सासूबाईंनी माझ्यासाठी वेगळ्या बांधून दिलेल्या. ते पाहून मला जरा धीर आला. तिने पाणी प्यायलं, पाय धुतले. मी करंजी हातात धरून उभा.

"सांगितलंस?"

"आत्याला अजून सांगायचं होतं. आधी बाबांना सांगितलं."

"मग?"

"त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. किती जण होते, कोण वाटत होतं, दोघांचा डाव कुणी मागितला. गुलाम, राणी, बादशहाचं सांगितलं तेव्हा डोळे मिटून बसले."

"बाबांना तीन पत्ती येते?"

"ऑफिसच्या मित्रांत खेळायचे म्हणे. आईलाही आत्ता कळलं."

"रागावले?"

"नाही. म्हणाले, आत्याला सांग ताप आला होता."

मला हायसं वाटलं. म्हटलं, शेवटी सासरेबुवांना आपल्या अब्रूची काळजी आहे. "जुगाराचं नको सांगू म्हणाले ना?"

"जुगाराचं सांगितलंस तरी चालेल म्हणाले, दोघांचा डाव मागितल्याचं नको. जावई जुगारी आहे हे लोक विसरतात. बिनडोक आहे हे नाही विसरत."